देवाच्या पाण्याला फडकं

१४ एप्रिल १९२८, सोलापूर

आज मी चोर बघितला! पाण्यातला चोर, जिवंत, टुणटुण उड्या मारताना! घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं आलंय.

लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि दोन्ही उन्हाळ्यांत आमच्या ह्यांना नारू झाला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण लिहायचं नसतं असं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे एकदाच लिहून टाकते: गुरुसिद्धप्पा. मागल्या साली घोट्यात झाला. यंदा उजव्या गुडघ्यापाशी. कातडी फोडून पांढरा दोरा बाहेर येतो, तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, ओढायचा नाही. यंदाचा मधेच तुटला आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला. शेवटी गाडीत घालून त्यांना इथे माझ्या माहेरी आणलं. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, कापडाच्या दुकानासमोरच एका डॉक्टरांचा दवाखाना आहे.

डॉक्टर म्हणाले, "या खेपेला पाय वाचला. पुन्हा याच गुडघ्यात नारू निघाला तर सांधा आखडेल. मग गुडघा वाकायचा नाही."

ह्यांचा धंदा घोंगड्यांचा. धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर चालत जायचं, घोंगड्या घ्यायच्या, खांद्यावर टाकून बाजार करायचे. पाय गेला तर सगळंच गेलं. ते भिंतीकडे बघत राहिले. मला मात्र राहवेना. मी पदर सावरून विचारलंच, "पण हा येतो कुठून?"

डॉक्टरांनी आमच्या चरवीतलं गावचं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं, उन्हाकडे धरलं आणि माझ्या हातात भिंग दिलं. पांढरे पांढरे ठिपके! उडत होते, थांबत होते, पुन्हा उडत होते. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात म्हणे. पाण्याबरोबर आपण ती गिळतो. किडा वर्षभर अंगात वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड आणून बाहेर निघतो. फोडाची आग होते म्हणून माणूस विहिरीच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडतो. तिथे किडा पुन्हा पिल्लं सोडतो, आणि सगळं गाव ती पितं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. स्वारीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दोन उन्हाळे ते खालच्या पायरीवर तासन् तास पाय सोडून बसत होते!

"मग औषध काय?"

"औषध नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. आणि फोड आलेल्याने पाण्यात पाय घालायचा नाही."

बस्स! एवढंच! मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली. एवढा मोठा राक्षस, आणि त्याला अडवायला वीतभर फडकं! मी अप्पांच्या दुकानात धावत गेले. अप्पांनी गिरणीच्या पांढऱ्या कापडाचा तुकडा टर्रकन फाडून दिला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरात नारू निघणार नाही म्हणजे नाही. इथे लिहून ठेवते.

१७ एप्रिल, गावी

पहिल्याच घासाला खडा. माझ्या सासूबाई, शिवम्मा. आम्ही त्यांना कानडीतलं अत्ती म्हणतो. अत्तींनी फडकं नाकाशी धरलं आणि असं टाकलं, जणू विंचूच लागला हाताला.

"गिरणीचं हाय. सुताला चरबी लावत्यात. बेड!"

बेड म्हणजे नको. अत्तींचं नको म्हणजे दगडावरची रेघ. आणि खोटं तरी कसं म्हणू? अप्पाच सांगतात, गिरणीतल्या खळीत जनावराची चरबी घालतात. आम्ही लिंगायत, घरात अंडं कधी शिरलं नाही, तिथे चरबीच्या कापडातून पाणी!

मग उकळून बघितलं. चुलीत शेणीवर शेणी घातल्या. एप्रिलच्या उन्हात ह्यांच्या हातात तो तांब्या दिला. एक घोट घेऊन म्हणतात कसे, "ह्यात च्याची पूड तरी टाक, म्हंजे पाण्याची अब्रू राहील."

२० एप्रिल

जिंकले! फडकं रिठ्यात उकळलं, खारात उकळलं, दगडावर आपटून आपटून त्याचा जीव काढला. अत्तींनी पुन्हा वास घेतला. म्हणाल्या, "पोटाला चालंल."

रांजणाच्या तोंडाला फडकं दुहेरी बांधलं आणि घागर ओतली. फडक्यावर काय राहिलं ते मी ह्यांना भिंगातून दाखवलं. भिंग डॉक्टरांनी मला देऊन टाकलं, देव त्यांचं भलं करो. ह्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "लई नाचतंय की गं. आपल्याच गुडघ्यात नाचणार हुतं व्हय?" मग फडकं चुलीपाशी कडकडीत वाळवलं. मेले सगळे!

२६ एप्रिल

घरचं पाणी ठीक, पण बाजारी आणि वस्तीवर ते कुठलं पाणी पिणार? मी त्यांच्याकडून शपथ घेतली की तांब्याच्या तोंडावर धोतराचा सोगा दुहेरी धरल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. आज बाजारातून आले ते हसतच. बाजारात कुणीतरी म्हणालं, "गुरुसिद्धप्पा, पाण्याशी लगीन लावतोस का? अंतरपाट धरलास!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, न्हाय बाबा, नारूशी सोयरीक मोडतोय."

इतकं छान उत्तर मला दिवसभरात सुचलं नसतं. हा माणूस बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा असा. मी आज त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा दुप्पट ठेवला.

२ मे

सगळं फुकट! मी आंधळी आहे, ठार आंधळी!

सकाळी पूजेला बसले होते. अत्ती रोज उजाडायच्या आत विहिरीत शेवटच्या पायरीपर्यंत उतरतात, देवासाठी वेगळी तांब्याची घागर भरतात आणि झाकून आणतात. त्या पाण्याने आम्ही सगळे गळ्यातल्या लिंगाची पूजा करतो आणि तळहातावरचं तीर्थ पितो. तीर्थ घेतल्याशिवाय चूळसुद्धा भरत नाही. आज तळहातावर पाणी पडलं, उन्हाची तिरीप आली, आणि त्यात एक ठिपका उडाला.

देवाचं पाणी गाळलेलं नाही! इतके दिवस मी रांजणापुढे नाचते आहे, आणि रोज सकाळी चोराला ओंजळीतून पोटात घालते आहे. मी आणि हे दोघेही!

मी तशीच अत्तींकडे गेले. म्हटलं, "अत्ती, उद्यापासून देवाची घागरपण गाळायची."

"देवाच्या पाण्याला फडकं? चरबीचं?"

"मग दुसरं आणते."

"कसलंच न्हाय." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. प्लेगात माझे सासरे गेले तेव्हा हे पाळण्यात होते, आणि त्यांनाही ताप चढला होता. अत्ती त्या रात्री देवाला बोलल्या: पोरगं ठेव, मी जित्ती हाय तवर उजाडायच्या आत माझ्या हातानं विहिरीचं पाणी आणून तुला घालीन, जसं असंल तसं. पाणी देवाला घातल्याशिवाय अन्न घेणार न्हाय. ताप उतरला. त्यानंतर एक दिवस चुकला नाही.

"त्यो पाण्यानं जगला," अत्ती म्हणाल्या, "आन् तू म्हंतीस पाण्यानं पाय जाईल!"

मी म्हटलं, "जाईल. याच पाण्याने जाईल." आवाज चढलाच माझा. ह्यांनी आतून हाक मारली, पण कुणाची बाजू घेतली नाही. मला त्यांचाही राग आला आहे.

३ मे

अबोला. भाकरीसुद्धा माझ्याकडे न बघता वाढतात.

९ मे

अप्पांना निरोप धाडला होता. आज सोलापूरहून येणाऱ्या गाडीवानाच्या हाती त्यांनी पद्मशाली विणकराकडचं हातमागाचं कापड पाठवलं. सुताला नुसती पिठाची पेज लावलेली, चरबीचा लवलेशही नाही. शुभ्र, मऊ आणि घट्ट! मी नाचतच ते अत्तींच्या पुढ्यात ठेवलं. अत्तींनी उलटंपालटं करून बघितलं, बोटाने चोळलं, उन्हाला धरलं. हो नाही की नाही नाही. घडी घातली आणि कापड घेऊन देवघरात गेल्या.

१२ मे

कापडाचा पत्ता नाही. देवघरात दिसलं नाही, दांडीवर नाही. चोळीला ठेवलं असणार. आणि वर आज नवीनच शिक्षा! अत्तींनी देवापुढे दोन भांडी मांडली. जुनी घागर स्वतःकडे ओढून घेतली आणि आम्हा दोघांच्या पूजेला एका लहानशा पितळी तपेलीतलं पाणी दिलं. त्यांचं तीर्थ वेगळं, आमचं वेगळं! म्हणजे मी त्यांच्या देवाच्या पाण्याला नावं ठेवली, तर आता त्या घागरीचं तीर्थच मला मिळायचं नाही. मला काय, आनंदच. पण ह्यांनाही माझ्याबरोबर वाळीत टाकलं!

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "आवं, पाणी ते पाणी. तू घे की गप." आणि तपेलीतलंही विहिरीचंच ना! मी डोळे मिटून पिते आणि मनात म्हणते, देवा, ह्यांच्या गुडघ्याकडे जाऊ देऊ नकोस.

२० मे

घरात भूत शिरलंय. रात्री रांजण गळ्यापर्यंत भरून झोपते, आणि सकाळी बघावं तर वीतभर खाली. परवा पहाटे चुलीपाशी हात लागला तर राख ओली. ओलं फडकं कुणीतरी तिथे वाळत घालून उचललेलं असावं अशी. आमचं फडकं मात्र जागेवर, कोरडं. मला बनाबाईचा संशय आला. बनाबाई आणि तिचा नवरा धुळा, धनगर. त्यांची मेंढरं सध्या आमच्या रानात खताला बसतात. म्हटलं पहाटे येऊन रांजणातलं गार पाणी नेत असेल. तिला विचारलं तर कमरेवर हात ठेवून हसली.

"म्या कशाला निऊ तुजं गाळीव पाणी? तुज्या सासूला इचार की. पहाटंची ती उठती, का म्या?"

अत्तींना काय करायचंय गाळलेलं पाणी! त्या तर त्याच्याकडे बघतही नाहीत. मांजरच असेल, किंवा रांजण पाझरतो. कुंभाराकडून नवा आणायला हवा.

३० मे

आज विहिरीवर माझं मोठं भांडण झालं आणि मोठा जयही झाला!

दुपारी पाण्याला गेले तर धुळा खालच्या पायरीवर, पाय पाण्यात. घोट्यावर फोड! मी वरूनच ओरडले, "पाय काढा! काढा आधी पाय!" तो दचकून पडता पडता राहिला. बायका जमल्या. बनाबाई माझ्या अंगावर आली.

"लई शानी झालीस की गं सावकारीण. त्याची आग हुतीया, तू काय जाणार हायस का त्याच्या जागी?"

मी भिंग काढलं. आता ते कमरेलाच असतं. घागरीतलं पाणी ओंजळीत धरून तिला दाखवलं. बघितलं, पुन्हा बघितलं. "ह्ये आमी पितो?" म्हणाली. मग वळून नवऱ्यालाच बोलायला लागली, असं की मला धुळाची दया आली. दगडी डोणीत पाणी भरलं, नवऱ्याचा पाय त्यात घातला, आणि ते पाणी विहिरीपासून लांब रानात ओतायला लावलं. "मेंढरं बी वळा आन् नारूचा धनी बी वळा, कुणाकुणाला वळू?" एवढं मात्र म्हणालीच.

आजपासून बनाबाई लुगड्याच्या पदरातून पाणी गाळते, आणि तिच्या वस्तीवर सगळ्यांना गाळायला लावते. ती सांगते तेव्हा लोक ऐकतात. मी सांगते तेव्हा हसतात. हसू देत. गाळा म्हणजे झालं!

२३ जुलै

यंदा अधिक महिना, दोन श्रावण. पहिला सोमवार. विहिरीचं पाणी चढलंय. अत्ती अजून पहाटे उतरतात आणि आपल्या घागरीचं तीर्थ एकट्याच पितात. आम्हाला तपेली. आता मी भांडत नाही. बोलतात माझ्याशी, भाकऱ्या थापायला शेजारी बसवतात, आज माझ्या केसांना तेलही लावून दिलं. एवढी माया, मग एवढा हट्ट का? मला हे कोडं सुटत नाही.

एप्रिल-मेमध्ये पोटात गेलं ते गेलंच. ते पुढच्या उन्हाळ्यातच कळणार. डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय. बी पेरून वर्षभर वाट बघायची, आणि मनात म्हणायचं की उगवू नये.

१४ जानेवारी १९२९

संक्रांत. ह्यांनी नातेपुत्याच्या बाजाराला जाऊन यायचं ठरवलंय. केवढं लांब! पण पाय इतका छान चालतोय की घरात बसवत नाही. मी तिळगूळ दिला आणि दोन जास्तीची फडकी.

२२ मार्च

आज माझा जीव गेला आणि परत आला. ह्यांच्या पावलाला लाल गाठ! मी भिंग घेऊन बसले. आजकाल रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय तपासते. स्वारी ओट्यावर पाय पसरून बसते आणि म्हणते, "चला, सरकारी तपासणी सुरू." गाठ दाबली, टोचली, आणि बाहेर काय आलं? बाभळीचा काटा! इतका गोड काटा मी जन्मात बघितला नाही. त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

२८ एप्रिल

खालच्या आळीत चौघांना नारू निघाला. त्यांनी मला हसून हसून फडकं लावलं नव्हतं. बनाबाईच्या वस्तीवर फक्त एकाला. तो दिवसभर लांबच्या रानात असतो, तिथलं पाणी पितो. आमच्या घरात नाही! ह्यांचे दोन्ही पाय स्वच्छ, गुडघा गुळगुळीत!

बायका आपणहून विचारायला येतात, "कसलं फडकं गं? दुहेरी का तिहेरी?" मी सांगत सुटते. आवाज बसलाय. अत्ती ओट्यावर बसून माझ्याकडे बघत असतात. आज म्हणाल्या, "गिळशील की गं जीभ."

मी त्यांचे पाय बघायला मागितले तर लुगडं खाली ओढून घेतलं. म्हणाल्या, सासूचे पाय धरायचे असतात, तपासायचे नसतात.

१२ मे

डॉक्टरांना अप्पांच्या हाती निरोप धाडला: एक वर्ष झालं, नारू नाही! गाळलं नाही ते तीर्थही देवाने बाधू दिलं नाही, असं म्हणावं लागतं. अत्तींचा देव अत्तींसारखाच. भांडतो, पण करतो.

अत्ती दोन दिवस नुसत्या दुधावर आहेत. कुठला उपास विचारलं तर म्हणाल्या, "माझा." पहाटे विहिरीवरही गेल्या नाहीत. आम्हाला म्हणाल्या, रांजणातल्या पाण्याने पूजा करा. वय झालं, उन्हाने थकल्या असतील. मी ताकात जिरं घालून नेलं तर तेही घेतलं नाही.

१४ मे

हे लिहायलाच हवं.

मघाशी देवघरात गेले. अत्ती कोपऱ्यात, गार फरशीवर पाऊल टेकून बसल्या होत्या. मला बघून पाय आत घेतला, पण त्याआधीच मला दिसलं होतं. पावलावर फोड, फुटलेला, आणि मधे पांढरं टोक.

"अत्ती! कधीपासून?"

"चार दिस."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू नाचत हुतीस," त्या म्हणाल्या. "नाचू दिलं."

मी त्यांच्याजवळ बसले. मग एकदम आठवलं. "म्हणून तुम्ही विहिरीवर जात नाही? म्हणून उपास?"

"पाय पाण्यात घालायचा न्हाय, तूच की वरडून सांगतीस समद्या गावाला. आग आग हुती. पर न्हाय घातला. आन् पाणी आणल्याबिगर अन्न घ्यायचं न्हाय. दुधाची तेवढी सूट घेतली."

चार दिवस! मी म्हटलं, "पण आम्हालाही व्हायला हवा होता. आम्हीही तेच तीर्थ पीत होतो."

अत्तींनी माझ्याकडे बघितलं, जसं मीठ विसरलेल्या भाजीकडे बघतात. "येडी का काय गं तू? वरीस झालं, ते तुमच्या हातावर कवा पडलं?" आणि देव्हाऱ्याखालून घडी काढून माझ्या मांडीवर टाकली. हातमागाचं कापड! चोळी नाही की काही नाही. रोज धुऊन धुऊन पार विरलेलं, बोट घातलं तर पलीकडे निघेल असं.

"रांजणातलं पाणी ह्यातनं पुन्यांदा गाळून तपेलीत घालत हुते. रोज पहाटं. तुला वाटलं काय, मी पोराचा पाय घालवीन?"

"आणि तुमचं?"

"मी देवाला बोलले ते माझं. तुमी कशाला भोगायचं?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, मोठ्याने. त्या म्हणाल्या, "हळू, पाय दुखतोय." मग माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. ह्या बाईने वर्षभर पहाटेच्या अंधारात माझंच काम केलं, माझ्यापेक्षा नीट केलं, आणि मी तिला काय काय समजले!

१५ मे

काडी केली, टोक तिच्यावर अलगद गुंडाळलं. अत्ती हूं की चूं करत नाहीत. पण दुधावर किती दिवस काढणार? किडा पुरता निघायला महिनाही लागेल. मी म्हटलं, मी आणते देवाचं पाणी.

"न्हाय. माझ्या हातानं बोलले."

मी म्हटलं, पाण्याकाठच्या चिखलावर फळी टाकू, पायाला पिशवी बांधू, म्हणजे तुम्हीच उतराल. काही पटेना. हे दारात उभे होते. कालपासून दोनदा डोळे पुसताना मी त्यांना बघितलं. आता पुढे आले.

"अव्वा, मी उचलून नेतो."

"तुजा गुडगा?"

"तूच राखलास की. बघू तरी कसा राखलास."

अत्तींनी त्यांचा गुडघा चाचपून बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अप्पाला सांगून नवं कापड मागव. हे विरलं." मला कळलं नाही. म्हटलं, तपेलीसाठी?

"घागरीसाठी. मी देवाला पाणी बोलले हुते. किडं न्हवं बोलले."

१६ मे

पहाटे आम्ही तिघं निघालो. हे पुढे, पाठीवर अत्ती, मागे मी रिकामी घागर घेऊन. नवं कापड यायला अवकाश आहे, म्हणून रात्रीच मी माझ्या पेटीतलं हातमागाचं लुगडं फाडलं, लग्नातलं. अत्ती रागावल्या, पण घडी घालून आपणच कमरेला खोचलं.

उन्हाळ्याने पाणी पार तळाशी गेलंय. मी पायरीपायरीला श्वास धरत होते. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर माझे डोळे खिळलेले. वाकतोय, सरळ होतोय, वाकतोय. अत्ती त्यांच्या कानाशी सारख्या बोलत होत्या, "हळू. भिताडाला धर. डावीकडं शेवाळ हाय, मला ठावं हाय, तुला न्हाय." चाळीस वर्षं त्या पायऱ्या त्यांच्या पायाखालच्या.

कोरड्या पायरीवर हे उकिडवे बसले. दोन्ही गुडघे पूर्ण वाकवून, पाठीवर आईला घेऊन! मी घागर दिली. अत्तींनी पायरीवर उतरून बसत दुखरा पाय आखडून वर धरला, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं, दात लावून गाठ आवळली, आणि ओणवं होऊन एकेक तांब्या घालत स्वतःच्या हाताने भरली. पाणी फडक्यातून झिरपत आत पडत होतं. वर उजाडायला आलं होतं.

वर आलो तेव्हा बनाबाई पाण्याला आली होती. तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "आवं, शिवम्माला पोरानं पाठुंगळी घेतलं की!"

ह्यांनी अत्तींना ओट्यावर बसवलं आणि सरळ उभे राहिले. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती. धाप लागली होती ती अत्तींना, सगळा वेळ बोलून बोलून. त्यांनी आधी देवाला पाणी घातलं, मग तीर्थ घेतलं, आणि मला म्हणाल्या, "आता भाकरी वाढ. दोन वाढ."